वाटाड्याविना

अनोळखी गावात वाटाडा न घेता पायी हिंडण्याचा एक आनंद असतो. कोणी घाई करीत नाही, कोणी थांबवीत नाही. पाय नेतील तिकडे जावे, मन रमेल तिथे बसावे. परदेशातल्या समुद्रकाठच्या नगरांत हाती नकाशा घेऊन असे एकट्याने भटकणारे प्रवासी पुष्कळ आढळतात. आम्ही वसईची माणसे, समुद्र आमच्या अंगणाशीच. म्हणून आम्ही डोंगराची वाट धरली. एप्रिल महिन्यात दोन दिवसांची सवड काढून चौघे जण जव्हारला गेलो. मनोर, विक्रमगड मागे टाकीत एस. टी. घाट चढू लागली, तेव्हा वारा बदलल्याचे जाणवले.

स्थानकाबाहेर पडताच पंधरा-सोळा वर्षांचा एक मुलगा पुढे आला. 'सगळे पॉइंट दाखवतो, द्याल ते घेईन,' म्हणाला. आम्ही हसून नकार दिला. पैशांचा प्रश्न नव्हता. आम्हाला आमच्या डोळ्यांनी गाव पाहायचे होते. तो काही न बोलता बाजूला झाला. त्या नकाराचा अर्थ आम्हाला पुढे दोन दिवस उलगडत गेला.

जव्हार सुमारे दीड हजार फूट उंचीवर वसले आहे. चौदाव्या शतकापासून येथे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे राज्य होते. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. एका आदिवासी घराण्याने इतकी शतके राज्य करावे, ही गोष्ट आमच्या शालेय इतिहासात आम्ही वाचल्याचे स्मरत नाही. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला जयविलास राजवाडा झाडीत शांत उभा आहे. शिरपामाळावर गेलो. १६६४ सालच्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा तळ येथे पडला होता, असे सांगतात. हनुमान पॉइंटवरून दरी पाहिली. हाती असलेल्या कागदावर एकेक नाव खोडीत संध्याकाळी सनसेट पॉइंटला पोहोचलो. सूर्य मावळला, तेव्हा आम्ही सारे निःशब्द झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मोखाड्याच्या बाजूला उतरलो आणि रस्ता सोडून एका पायवाटेने निघालो. उन्हे चढली होती, पळस फुलून गेला होता. समोरून बायका येत होत्या. डोक्यावर दोन हंडे, काखेत कळशी. वाट अरुंद, म्हणून आम्ही बाजूला झालो. त्यांतली एक म्हातारी सावलीला टेकली आणि आम्हाला विचारती झाली, 'काय बघाया आलात?'

आम्ही म्हटले, 'असेच, गाव बघायला. काल जव्हारला सूर्यास्त पाहिला.'

'तो तर तुमच्याकडं पण होतो ना?' तिने सरळपणे विचारले. त्यात टोमणा नव्हता. मग पाणी किती लांबून आणता, घरी कोण असते, असे दोन शब्द झाले. मुलगा आणि सून दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेली होती, पावसाच्या तोंडाला परतणार होती. 'वसईकडं आहेत,' म्हातारी म्हणाली. 'तुमच्या गावात भट्टी आहे का?'

आहे, असे आम्ही सांगितले. तिथे तुमच्याकडची माणसे आहेत का, असे तिने विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते. भट्टी आमच्या घरापासून वीस मिनिटांच्या वाटेवर आहे. तिच्या धुराची आम्ही तक्रार केली आहे, तिच्या विटांनी घराचा वरचा मजला बांधला आहे. परंतु त्या विटा थापणाऱ्यांचे गाव कोणते, हे कधी विचारले नाही.

येथे आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, तो वाचकांपुढे मांडावासा वाटतो. पाहण्याने माणसावर काही जबाबदारी येते का? सौंदर्य पाहून आनंदाने घरी परतावे, एवढा अधिकार प्रवाशाला असू नये काय? असावा. हिरवी दरी पाहून आनंदित होणे हा काही अपराध नव्हे. उलट, जिथे तिथे केवळ दुःखच धुंडाळीत फिरणे यात एक वेगळा दोष आहे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे बालके कुपोषणाने दगावली. त्या बातमीने महाराष्ट्र हादरला. मंत्री आले, वार्ताहर आले, छायाचित्रे निघाली. त्यातून काही कामे झाली, हे नाकारता येणार नाही. तरीही कुपोषण हटले नाही, आणि बाहेरच्या जगाच्या लेखी त्या गावांची नावे केवळ मृत्यूशी जोडलेली राहिली. जिथे नागली-वरई पिकते, तारप्यावर रात्र नाचते, बोहाड्याचे मुखवटे रंगतात, ती माणसे फक्त दयेचा विषय झाली. सूर्यास्त पाहून परतणारा आणि दारिद्र्य पाहून परतणारा, दोघेही परततातच.

मग उणे कुठे आहे? आम्हाला वाटते, ते आमच्या 'वाटाड्याविना' असण्यात आहे. वाटाडा आपल्याला पत्ते तर सांगतोच. शिवाय त्याच्यामुळे आपण त्या गावी कोणाचे तरी पाहुणे होतो. तो प्रश्न विचारतो, आपल्याला उत्तरे द्यावी लागतात. त्याला नाकारून आम्ही स्वातंत्र्य मिळवले असे समजत होतो. खरे पाहता आम्ही कोणालाही ओळख न देता हिंडण्याची मोकळीक मिळवली होती. यरुशलेमहून यरिहोला जाणाऱ्या वाटेवरील याजकानेही जखमी माणसाला पाहिले होते. त्याची दृष्टी अधू नव्हती. पडलेला माणूस आपला कोणी लागत नाही, असे त्याने मानले, एवढेच.

आणि नाते तर होतेच. मोखाडा तालुक्यात कोचाळ्याजवळ २०१० नंतरच्या दशकात शंभर मीटरहून उंच मध्य वैतरणा धरण उभे राहिले. त्याचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. आपण वसईकरांनी मुंबईकडे बोट दाखवण्याचेही कारण नाही. आपल्या नळाला येणारे सूर्या नदीचे पाणी याच डोंगररांगांतून येते. सकाळी तांब्या भरताना, भिंतीला पाठ टेकताना आपण जव्हार-मोखाड्यालाच स्पर्श करीत असतो. शहरांनी पाणी पिऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. पण ज्याचे देणे लागतो, त्याचे नावही ठाऊक नसावे, ही गोष्ट साधी नाही.

परत निघताना स्थानकावर त्या मुलाला शोधले. तो दिसला नाही.

पुढच्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही भट्टीवर गेलो. म्हातारीचा मुलगा तिथे नव्हता. खोडाळ्याकडची दोन कुटुंबे होती. आमच्या येण्याने ती प्रथम बावरली. मालकाने पाठवले असावे, असे त्यांना वाटले. आम्ही गावाचे नाव विचारले, मग त्यांच्याकडच्या पळसाविषयी बोललो. त्यातल्या एकीने मान वर करून विचारले, 'तुम्ही गेला होता आमच्याकडं?'

होय, म्हटले, पण वाट नीट ठाऊक नव्हती. पाऊस लागला की ती कुटुंबे परत जातील. या खेपेस त्यांच्याबरोबर जावे, असे आम्ही ठरवले आहे.