दुखण्याआधीचे दुखणे

प्रत्यक्ष संकटापेक्षा त्याची चाहूल माणसाला अधिक पोळते, याचा अनुभव आपणां सर्वांना आहे. शस्त्रक्रिया, न्यायालयाचा निकाल, जिवलगाचे आजारपण अशा मोठ्या प्रसंगी हे घडते यात नवल नाही. परंतु मनाचा हा व्यापार एखाद्या लहानशा घरगुती प्रसंगात अधिक स्वच्छ दिसतो. आज आपल्या कुटुंबांतील बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या दातांना तारा बसवणे ही नित्याची गोष्ट झाली आहे. दंतवैद्याने तारीख दिली की त्या दिवसापासून घरात एक प्रश्न फिरू लागतो : ‘खूप दुखेल का?’ वरवर पाहता हा प्रश्न वैद्यकाचा आहे. आमच्या मते तो तितकाच नीतीचाही आहे. कारण त्याचे उत्तर देताना सत्य आणि दया यांपैकी एकाचीच निवड करता येते, असे आपण गृहीत धरतो. ते गृहीत कितपत खरे आहे, हे येथे तपासून पाहू.

प्रथम वस्तुस्थिती. तारा बसवताना दातांचा पृष्ठभाग स्वच्छ करतात, आम्ल लावून तो किंचित खरखरीत करतात, त्यावर लहान लहान खाचा असलेले तुकडे चिकटवतात आणि त्यांतून तार ओवतात. आम्लाची ही युक्ती अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोरे यांनी १९५५ साली मांडली. या साऱ्यात सुई नाही, कापणे नाही. खुर्चीवर बसलेल्या मुलाला बहुधा काही दुखत नाही. वेदना सुरू होते ती घरी परतल्यावर, काही तासांनी. साधारणतः दुसऱ्या दिवशी ती सर्वांत अधिक असते आणि बहुतेकांची आठवडाभरात ओसरते. तारेच्या दाबामुळे दात व जबड्याचे हाड यांच्यामधील तंतूंचा नाजूक थर दबतो, तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि शरीर दाहाच्या रूपाने त्यास उत्तर देते. दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू झिजते, ताणाच्या बाजूस नवे हाड घडते. अशा रीतीने दात हाडातून आपली वाट काढतो.

यातून एक विलक्षण गोष्ट ध्यानी येते. भीती आणि वेदना यांची भेटच होत नाही! मूल खुर्चीला घाबरते आणि दुखणे त्याला गाठते ते रात्रीच्या ताटावर, चपातीचा पहिला घास चावताना.

मग ती भीती खोटी म्हणावी काय? तसे म्हणता येणार नाही. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ४०० च्या सुमारास आपल्या आत्मनिवेदनात काळाचा विचार करताना दाखवून दिले की, भविष्य अद्याप अस्तित्वात नसले, तरी त्याची अपेक्षा आजच्या मनात वास करते. उद्याचे दुखणे उद्याचे असेल. त्याचे भय मात्र आजचे आहे आणि ते आजच सोसावे लागते. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यांनी आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत, मनुष्य वास्तवापेक्षा कल्पनेनेच अधिक छळला जातो, असा विचार मांडला आणि विवेकाचा उपाय सुचवला. उपाय उत्तम आहे. परंतु तो तेरा वर्षांच्या मुलीच्या हाती देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

शिवाय भय केवळ वेदनेच्या आधी येत नाही, ते तिच्यात मिसळतेही. अपाय होईल या अपेक्षेनेच अपाय जाणवू लागतो, या घटनेला १९६१ साली वॉल्टर केनेडी यांनी ‘नोसिबो’ असे नाव दिले. याच्या उलट, दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर डॉ. हेन्री बीचर यांना असे आढळले की, गंभीर जखमी झालेले अनेक सैनिक वेदनाशामक औषध मागत नव्हते. जखम म्हणजे रणांगणातून जिवंत सुटका, असा अर्थ त्यांच्या मनात असावा, असे बीचर यांनी प्रतिपादन केले. सारांश, वेदना आपल्यापर्यंत येते ती अर्थाचे वस्त्र पांघरूनच.

येथे आपला मूळ प्रश्न अधिक बिकट होतो. अपेक्षेने वेदना वाढत असेल, तर ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगणे हीच दया नव्हे काय? ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हितासाठी सांगितलेले असत्यही त्यांनी निषिद्ध मानले. लेकराला कुशीत घेऊन धीर देणाऱ्या मातेला हा निवाडा कठोर वाटेल. तो आपण केवळ अधिकाराच्या बळावर मान्य करू नये, परिणामांकडे पाहावे. हे असत्य चोवीस तासही टिकत नाही. मुलाचा दातच ते उघडे पाडतो. उपचार तर बहुधा दीड-दोन वर्षे चालतात आणि तार पुनःपुन्हा बदलावी वा आवळावी लागते. पुढच्या वेळी आई खरेच बोलत असेल, तरी मूल कोणत्या आधारावर विश्वास ठेवील? एका रात्रीच्या शांततेसाठी आपण ज्या ठेवीला हात घालतो, ती पुढे याहून मोठ्या संकटात लागणार असते.

तथापि सत्य सांगणे म्हणजे भय वाटणे नव्हे. ‘आमच्या पुतणीला आठ दिवस पाणीसुद्धा गिळवले नाही’, असे सांगणारी शेजारीण कदाचित खोटे बोलत नसेल. परंतु एका व्यक्तीचा अनुभव ती सर्वांचे भविष्य म्हणून मांडते. सत्यालाही प्रमाण असते. ‘बसवताना दुखणार नाही. रात्री दुखू लागेल, उद्या थोडे अधिक दुखेल, मग कमी होत जाईल. चार दिवस मऊ भात, पेज खाऊ. फार दुखले तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी आहे. आणि दुखते आहे, कारण दात जागेवरून हलतो आहे.’ या बोलण्यात वेदनेला वेळ आहे, सीमा आहे, उपाय आहे आणि कारण आहे. कारण सांगणे म्हणजे वेदनेचे स्तोत्र गाणे नव्हे. गोळी घेणाऱ्या मुलाला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या संदर्भात २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला एक अभ्यास विचार करायला लावतो. तारा बसवलेल्या १५० रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला नंतर दूरध्वनी करून धीर व माहिती दिली गेली. दुसऱ्याला दूरध्वनीवरून केवळ अभ्यासात भाग घेतल्याबद्दल धन्यवाद दिले गेले. तिसऱ्याला कोणीच दूरध्वनी केला नाही. पहिल्या दोन्ही गटांनी तिसऱ्यापेक्षा कमी वेदना व कमी चिंता नोंदवली आणि त्या दोहोंत परस्परांमध्ये फरक आढळला नाही!

यावरून शब्दांना मोल नाही, असा निष्कर्ष कोणी काढील. आम्हांला तसे वाटत नाही. धन्यवाद देणाऱ्याने धीराची भाषा वापरली नसेल, पण दुखत नाही असे खोटेही सांगितले नाही. दोन्ही गटांना मिळालेली समान गोष्ट एकच होती : कोणीतरी आपली आठवण ठेवली. असत्याचा आधार न घेताही वेदना हलकी होऊ शकते, हे येथे दिसते. सत्य आणि दया यांत निवड करावी लागते, हे आपले गृहीत येथे ढासळते.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची वाट पाहणारे आजोबा असोत, तपासणीच्या अहवालाची वाट पाहणारी भगिनी असो, अशांच्या घरी जायला आपण कचरतो, कारण काय बोलावे हे सुचत नाही. मग एकतर जात नाही, किंवा गेलोच तर ‘काही होणार नाही हो’ असे म्हणून लवकर उठतो. वास्तविक ते खोटे वाक्य बहुतेक वेळा रुग्णासाठी नसतेच. ते आपल्याच अस्वस्थतेवरचे औषध असते. जे ठाऊक आहे ते सांगावे, आणि दुसऱ्या दिवशी, दुखणे ऐन भरात असताना, पुन्हा विचारपूस करावी. भय हे उद्याचे असते; सोबत मात्र आज देता येते.