उडवलेल्या धुळीचा हिशेब

मुंबईत जुनी इमारत पाडून टॉवर उभा राहतो, तेव्हा शेजारच्या चाळीत खिडक्या लावून बसलेल्या दमेकऱ्याच्या खोकल्याची जबाबदारी कुणाची? बिल्डर म्हणतो, घरं तर बांधायलाच हवीत. ठेकेदार म्हणतो, रस्त्यावर काय कमी धूळ आहे? अधिकारी म्हणतात, वारा पडलाय. प्रत्येकाच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, आणि म्हणूनच तो खोकला कुणाच्याच खात्यावर चढत नाही.

जैन विचारात या गुंत्यावर एक कसदार उत्तर सापडतं. उमास्वातींचं तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या करताना प्रमादावर, म्हणजे बेसावध वागण्यावर बोट ठेवतं. त्यातून दुसऱ्याच्या प्राणांना इजा पोचते ती हिंसा. असे प्राण दहा मानले आहेत आणि श्वासोच्छ्वास त्यांतला एक. प्रवचनसारात आचार्य कुंदकुंद आणखी पुढे जातात: दोष ठरतो तो काळजी घेतली की नाही यावर, प्रत्यक्ष कुणी दगावलं का यावर नाही.

धुळीला ही कसोटी नेमकी लागू पडते. हवेतला कण कुठल्या साइटवरून आला हे बहुतेकदा सिद्ध करता येत नाही. पण पाणी मारलं होतं का, ट्रकवर ताडपत्री होती का, हे रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतं.

ग्रॅनाइट कापणारा कामगार जवळून पाहावा. कटर टेकताच पांढरा लोट उठतो. तोंडाला बांधलेल्या गमछ्यावर, भुवयांवर, पापण्यांवर गिरणीतल्यासारखं पीठ बसतं. ही दिसणारी धूळ त्यातल्या त्यात बरी, कारण जाड कण नाकाघशातच अडतात. १० मायक्रॉनहून बारीक कण श्वासनलिकांत उतरतात आणि दमेकऱ्याला धाप लावतात. त्याहूनही बारीक सिलिकाची भुकटी थेट वायुकोशांत जाऊन बसते, तिथं व्रण धरतात, फुप्फुस ताठरतं. या सिलिकोसिसला बरं करणारं औषध नाही. दगडखाणींच्या राजस्थानात तो इतका पसरला, की २०१९ मध्ये सरकारला त्यासाठी वेगळं धोरण आणावं लागलं.

आणि पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली, तर यातली बरीचशी धूळ उडण्याआधीच खाली बसते.

जैन साधूंच्या पाच समित्यांपैकी, म्हणजे सावध वागण्याच्या नियमांपैकी, एक आहे वस्तू उचलता-ठेवताना जपण्याची, दुसरी टाकाऊ गोष्ट जीवांना इजा होणार नाही अशा जागी टाकण्याची. सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांनी मुनींना बसण्यापूर्वी मोरपिसांच्या पिंछीनं जागा हलकेच झाडताना पाहिलेलं असतं. तीच नजर रात्री उघड्या ट्रकमधून खाडीकाठी ओतल्या जाणाऱ्या राबिटकडे वळवली, तर त्या कृत्याला काय म्हणावं हे सांगायला पंडित लागत नाही.

इथं एक आक्षेप येतो. गृहस्थाला सगळी हिंसा टाळता येत नाही, हे जैन शास्त्रालाही मान्य आहे. स्वयंपाक, घरबांधणी यांत घडणाऱ्या हिंसेला ते ‘आरंभी’ म्हणतं आणि श्रावकाला तेवढी सवलत देतं. मग बांधकामाची धूळ त्यातच धरायची का? नाही. घर बांधणं अटळ आहे, कोरडी लादी कापणं अटळ नाही. साधन हाताशी असताना केवळ पैसे वाचवण्यासाठी ते वापरलं नाही, तर सवलत तिथंच संपते.

मुंबई महापालिकेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये मोठ्या बांधकामांभोवती ३५ फूट उंच पत्रे, पाण्याचे फवारे, गाड्यांची चाकं धुणं असे नियम काढले. तरीही हवा इतकी बिघडली, की डिसेंबर २०२४ च्या अखेरीस भायखळा आणि बोरिवली पूर्वेची बांधकामं थांबवावी लागली. मुळात १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठी भारतानं ठेवलेली वार्षिक मर्यादाच घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना १५ सांगते.

येत्या दिवाळीआधी ज्यांच्या घरी लाद्या बदलायच्या असतील, त्यांनी मिस्त्रीला पाणी सोडूनच कापायला सांगावं, राबिट भिजवून गोणीत भरून घ्यावं, आणि त्यासाठी लागणारे जादा पैसे घासाघीस न करता द्यावेत.