पेत्राचा गळ

शास्त्रपाठ : मत्तय १७:२४–२७



शुभवर्तमानांत मासेमारीचा उल्लेख वारंवार येतो, परंतु तो बहुतेक ठिकाणी जाळ्यांचा आहे. मूळ ग्रीक भाषेत या जाळ्यांस निरनिराळी नावे आहेत. मत्तय ४:१८ येथे पेत्र व अंद्रिया जे टाकीत होते, ते हाताने फेकावयाचे वर्तुळाकार जाळे, म्हणजे आपला पाग. मत्तय १३:४७ येथील दृष्टांतात आहे ते ओढून काठाला आणावयाचे जाळे, म्हणजे आपल्या कोकणकिनाऱ्यावरील रापण. गळाचे नाव मात्र चारही शुभवर्तमानांत एकदाच येते, आणि ते प्रस्तुत उताऱ्यात.

प्रसंग आपणांस ठाऊक आहे. कफर्णहूम येथे मंदिराचा कर वसूल करणारे पेत्राकडे आले. पुत्रांकडून कर घेतला जात नाही हे प्रभूने पेत्रास आधी समजावून दिले, आणि तरीही त्या लोकांस अडखळण होऊ नये म्हणून त्यास समुद्रावर पाठविले. बरोबर जाळे दिले नाही, गळ दिला. जन्मभर जाळी ओढलेल्या त्या मनुष्यास हे काम हलके वाटले असेल काय? एक दोरा, एक आकडा, एक मासा! गळाचे काम किती मोठे आहे हे जाणण्यासाठी आपण प्रथम आपल्याच खाडीवर जाऊ.

आपल्या भिवंडी तालुक्यातील खाडीकाठच्या गावांत गळ नवा नाही. कोणी बांबूची काठी वापरतो, कोणी नव्या चालीची चाकी लावलेली काठी, तर कोणी नुसता तंगूस हातात धरून बसतो. साधन कोणतेही असो, त्यास तयारी लागते. गळाचे टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहावे. ते रुतले तर धारदार, निसटले तर कानशीवर घासून घ्यावे. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने ओली करावी, कारण कोरडी गाठ घर्षणाने तापते व ऐन वेळी तुटते. शिंगाळा तळाशी असतो, त्यास कोळंबीचा तुकडा पुरतो. जिताड्यास जिवंत कोळंबी किंवा लहान बोय लागते. बोय स्वतः चिखलावरचे शेवाळ खाणारी, ती बारीक गळाला लावलेल्या कणकेस कधी कधी तोंड लावते. ज्याला जे खाद्य आवडते ते त्यास द्यावे. आपणांस आवडते ते देऊन मासा येत नाही. उपदेशकांनी हे वाक्य आपल्या वहीत लिहून ठेवावे.

दुसरी गोष्ट वेळेची. भिवंडीस येणारे भरतीचे पाणी वसईच्या मुखातून उल्हास नदीच्या पात्राने वर चढते. आपले वडीलधारे घड्याळावाचून भरती सांगत असत : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे समुद्रावरील पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. आणि खाडीच्या आत त्याहून काहीशी उशिरा. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी चढू लागले की मासा चाऱ्यासाठी काठाकडे येतो, आणि पाणी स्थिर झाले की बहुधा तोंड मिटतो. ज्याने वेळ ओळखली नाही तो दिवसभर बसून रिकामा उठतो, आणि दोष खाडीला देतो.

तिसरी गोष्ट स्थळाची. अर्नाळ्याच्या किंवा केळव्याच्या उघड्या किनाऱ्यावर गळ टाकणारा मनुष्य प्रथम उभा राहून लाटा पाहतो. जेथे लाट फुटून पांढरी होते तेथे पाणी उथळ आहे. दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये जेथे पाणी काळसर दिसते व लाट फुटत नाही, तेथे खोल वाट आहे, आणि मासा त्याच वाटेने फिरतो. तेथे गोल शिसे लाटेबरोबर गडगडत जाते. म्हणून वाळूत रुतून बसेल असे कोनदार शिसे लावतात. परंतु ओल्या खडकावर पाठ समुद्राकडे करून कोणीही उभे राहू नये. मोठी लाट सांगून येत नाही.

आता पुन्हा शास्त्रपाठाकडे वळू. प्रभूने पेत्रास पहिलाच मासा घेण्यास सांगितले, दुसऱ्याविषयी काही सांगितले नाही. माशाच्या तोंडात जे नाणे सापडावयाचे होते, ते दोघांच्या कराइतके होते. प्रत्येकाचे दोन द्राख्मा, असे चार. वर काही उरावयाचे नव्हते. जाळ्यात लहान-मोठे सर्व येते, आणि निवड मागाहून काठावर होते. गळ धरणाऱ्यास मात्र प्रत्येक माशाविषयी वेगळा निर्णय करावा लागतो : हा घेऊ की सोडू?

काही वर्षांपूर्वी आपल्या खाडीवर एक वृद्ध गृहस्थ गळ टाकून बसलेले होते. दुपारभरात त्यांस एकच मासा लागला, तो वितीएवढा जिताडा. त्यांनी हात ओले करून त्यास धरले, गळ हळूच उलटा फिरवून काढला, आणि त्यास पाण्यात सोडले. मी म्हणालो, “आजोबा, आज घरी दुसरे काही नाही ना?” ते म्हणाले, “नाही, पाळकसाहेब. पण हा आज एका वाटीचा आहे. याला चार पावसाळे मिळू द्या.” ते रिकामी टोपली घेऊन घरी गेले.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते हे मी पुढे वाचले. जिताडा प्रथम नर असतो, आणि कित्येक वर्षांनी, चांगला मोठा झाल्यावर, मादी होतो. अंडी घालण्यासाठी तो खाडीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात जातो. वितीएवढा मासा मारला म्हणजे पुढची आईच मारली. कारखान्यांच्या व शहराच्या सांडपाण्याने आपल्या खाडीतील मासा आधीच उणा झाला आहे. त्यात आपण बारीक आसाची जाळी व विष यांची भर घातली, तर आपल्या नातवंडांनी खाडीवर काय न्याहाळावे? सन २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या सागरी माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली आहे. परंतु सायंकाळी खाडीच्या काठावर मोजपट्टी घेऊन कोणता अधिकारी उभा असतो?

येथे मला माझा दोष सांगितला पाहिजे. त्या भेटीनंतर महिन्याभरातच माझ्या गळाला तसाच लहान जिताडा लागला. घरी पाहुणे यावयाचे होते. मी मागेपुढे पाहिले, काठावर कोणी नव्हते, आणि मी तो पिशवीत टाकला. पाहुण्यांनी कालवण वाखाणले. मला मात्र घास गिळवेना, कारण मी मागेपुढे का पाहिले हे मला कळून चुकले होते. ज्यात पाप नाही असे मी स्वतःस सांगत होतो, त्यासाठी मी साक्षीदार शोधीत होतो. तेव्हापासून मी काठीवर एका वितीच्या अंतरावर खूण कोरली आहे, आणि जिताडा तर दोन वितींच्या आतला घेत नाही. हा नियम माझ्या दुबळेपणासाठी आहे. ज्यास उपयोगी वाटेल त्याने घ्यावा.

प्रभू मोकळा होता, तरी त्याने कर दिला. सोडलेला लहान मासा हाही असाच एक कर आहे. तो कोणी मागावयास येत नाही, त्याची पावती मिळत नाही, आणि ज्यांच्यासाठी तो द्यावयाचा ती लेकरे अद्याप जन्मास आलेली नाहीत. तुटलेला तंगूस गुंडाळून घरी आणणे हाही त्याच करातला एक पैसा आहे. तो वर्षानुवर्षे कुजत नाही, आणि बगळ्याच्या पायात अडकला तर त्याचा जीव घेतो.

बंधूंनो, एक गोष्ट लक्षात घ्या. पेत्र गेला, मासा लागला, नाणे सापडले, असे मत्तय लिहीत नाही. तो प्रभूची आज्ञा सांगून तेथेच थांबतो. पेत्र एकटाच समुद्रावर गेला असेल. तेथे त्याने काय केले हे पाहण्यास कोणी नव्हते. आपणही पुढील भरतीस गळ घेऊन जाल, तेव्हा काठ असाच रिकामा असेल. तेथे आपण काय कराल, ते आताच ठरवून जा.