‘डिसहॅपी’ का चालत नाही?

सहावी-सातवीच्या इंग्रजीच्या चाचणीत एक प्रश्न ठरलेला असतो: योग्य उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहा. मूल ‘डिसहॅपी’ लिहितं, शून्य मिळवतं. ‘अनकरेक्ट’ लिहितं, पुन्हा शून्य. खरं तर या मुलाला उपसर्ग चांगला कळलेला आहे. शब्दाच्या आधी काही जोडलं की अर्थ उलटतो, हे त्याने ओळखलंय; कोणत्या शब्दाला काय चालतं एवढंच त्याला माहीत नाही. आणि ते सांगणारा भरवशाचा नियम इंग्रजीत नाहीच. ‘अनइक्वल’ बरोबर, पण त्याचं नाम ‘इनइक्वालिटी’. ‘अनजस्ट’ म्हणायचं आणि अन्यायाला ‘इनजस्टिस’. ही सगळी वहिवाट आहे, ती वाचून वाचून कानात बसते. आपण मात्र नेमकं जे तर्काने काढता येत नाही तेच परीक्षेत विचारतो.

उपसर्ग हे मुख्यतः वाचणाऱ्याच्या कामाचं साधन आहे. अनोळखी शब्द समोर आला, त्याचा अर्धा भाग ओळखीचा निघाला आणि अर्थाचा अंदाज बांधता आला, इथे त्याचा उपयोग. आपण तो लिहिणाऱ्याच्या गळ्यात घातला, म्हणून तो पाठांतराचा विषय झाला. गाईडमध्ये उपसर्गांची लांबलचक यादी, समोर अर्थ, खाली जोड्या लावा.

या यादीची गरजही नाही. थॉमस व्हाइट, जोआन सोवेल आणि अ‍ॅलिस यानागिहारा या अमेरिकी अभ्यासकांनी 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात शालेय छापील इंग्रजीतल्या उपसर्गयुक्त शब्दांची मोजणी दिली आहे. त्यातले 97 टक्के शब्द अवघ्या 20 उपसर्गांत बसतात, आणि 58 टक्के शब्द फक्त चार उपसर्गांत: ‘अन’, ‘री’, नकारार्थी ‘इन’ आणि ‘डिस’. एकट्या ‘अन’चा वाटा 26 टक्के. म्हणजे सहावीचं वर्ष या चारांवर खर्च केलं तरी काही बिघडत नाही. पण एक अट आहे. ‘काइंड’ माहीत नसलेल्या मुलाला ‘अनकाइंड’ फोडून काहीच हाती लागत नाही. मूळ शब्दांची पुंजी तुटपुंजी असताना उपसर्ग शिकवणं निव्वळ वेळ घालवणं आहे.

मराठी शाळेतल्या मुलाकडे मात्र दुसरी एक पुंजी असते, आणि तिच्याकडे इंग्रजीच्या तासाला कोणी ढुंकून पाहत नाही. ‘इन’चं ‘इम’, ‘इल’, ‘इर’ का होतं, हा प्रश्न इंग्रजी पुस्तकं चार वेगळ्या ओळींत मांडतात, जणू चार वेगळे उपसर्ग आहेत. आपल्या मुलाला ‘संबंध’ हा शब्द मोठ्याने म्हणायला सांगा. पहिला अनुस्वार ‘म्’ होतो, कारण पुढे ‘ब’. दुसरा ‘न्’ होतो, कारण पुढे ‘ध’. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, जीभच करते. ‘पॉसिबल’च्या आधीचा ‘इन’ त्याच कारणाने ‘इम’ होतो. उत् आणि लेख मिळून ‘उल्लेख’ होतो, उत् आणि लंघन मिळून ‘उल्लंघन’. ‘लीगल’च्या आधी ‘न’चा ‘ल’ होतो तोही असाच. मराठीच्या शिक्षकांनी फळ्यावर लिहिलेला व्यंजनसंधी इंग्रजीच्या शिक्षकांनी पुसून टाकण्याआधी पाच मिनिटं वापरला, तर ती चार ओळींची घोकंपट्टी संपेल. (भाषाशास्त्राच्या मते इंग्रजी ‘अन’, लॅटिन ‘इन’ आणि आपल्या ‘अनादर’मधला ‘अन्’ हे एकाच प्राचीन नकाराचे वंशज आहेत. मुलांना हे सांगायलाच हवं असं नाही, शिक्षकाला ठाऊक असावं.)

‘री’चंही तसंच. पुनर्मूल्यांकन, फेरनिवडणूक, फेरतपासणी हे शब्द मुलं बातम्यांत ऐकतात, आणि ‘रिचार्ज’ तर घरात रोजचा.

जिथे मराठी साथ देत नाही, ती जागाही दाखवली पाहिजे. 2020 च्या जूनपासून कोरोनाची टाळेबंदी उठवताना टप्प्याटप्प्याने ‘अनलॉक’ जाहीर झालं, तेव्हा त्यातला ‘अन’ ‘अनहॅपी’तला नव्हता. ‘अनहॅपी’त आनंद नाही, ‘अनलॉक’मध्ये लावलेलं कुलूप काढलं जातं. झालेली क्रिया उलटवणारा असा उपसर्ग मराठीत सहजी सापडत नाही. आपण शिवलेलं उसवतो, बांधलेलं सोडतो, गुंडाळलेलं उलगडतो, घातलेलं काढतो. दर वेळी क्रियापदच बदलतो. इंग्रजी ‘टाय’, ‘पॅक’, ‘फोल्ड’, ‘बटन’ या सगळ्यांना एकच ‘अन’ लावून मोकळी होते. यावर वर्गात एक अख्खा तास रमता येईल, आणि तो रमावा असं मला वाटतं.

खरी निकड मात्र इंग्रजीच्या तासाबाहेर आहे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं, आणि पुढे ‘सेमी’चे वर्ग गावोगावी पसरले. सेमीतलं मूल गणित-विज्ञान इंग्रजीतून वाचतं. तिथे त्याला ‘इनव्हर्टिब्रेट’, ‘युनिसेल्युलर’, ‘मल्टिसेल्युलर’ भेटतात आणि आठवीच्या गणितात ‘इरॅशनल’ संख्या. शेजारच्या वर्गातल्या मुलापुढे अपृष्ठवंशीय, एकपेशीय, बहुपेशीय, अपरिमेय असे शब्द असतात. तेही अवघड, पण त्यांची फोड कानाला लागते. सेमीच्या मुलाला एकसंध, निरर्थक आवाज पाठ करावा लागतो. ‘मल्टि’ म्हणजे बहु, एवढं विज्ञानाच्या बाईंनी सांगितलं तर पुरे. पण हा भाषेचा भाग, आपला नव्हे, असं त्यांना वाटतं. आणि इंग्रजीच्या सरांच्या पुस्तकात तो शब्दच नसतो.

यावर नेहमीचा आक्षेप येतो की इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावं, मराठीची लुडबुड नको. बोलण्याच्या सरावापुरतं ते मला पटतं. शब्दाची फोड समजून घेणं हा विचाराचा भाग आहे, आणि अकरा-बारा वर्षांचं मूल विचार ज्या भाषेत करतं ती बंद ठेवून तो व्हायचा कसा? दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फोड करायला शिकवलं की मुलं नको तिथेही कात्री चालवतात. ‘अंकल’मध्ये ‘अन’ शोधतात, ‘रीच’मध्ये ‘री’, ‘डिस्ट्रिक्ट’मध्ये ‘डिस’. टँकरवर ‘इनफ्लेमेबल’ लिहिलेलं वाचून ते पेटत नाही असं समजणं तर धोक्याचंच. तिथला ‘इन’ नकाराचा नाही. ‘इनव्हॅल्युएबल’ म्हणजे कवडीमोल, हाही तर्क सरळच वाटतो. पण ‘अमूल्य’ म्हणजे किंमत नसलेलं नव्हे, ज्याची किंमतच करता येत नाही असं, हे ज्याला माहीत आहे तो मुलगा इथे अडखळणार नाही.

म्हणून परीक्षेत प्रश्न विचारायचाच तर असा विचारावा: अंकल, अनटाय, रीच, रीफिल, डिस्ट्रिक्ट, डिसअग्री, यांपैकी कोणत्या शब्दांत उपसर्ग आहे आणि तुम्ही कशावरून ओळखलं? किंवा ओळखीचा मूळ शब्द असलेला एक अनोळखी शब्द उताऱ्यात ठेवून अर्थ विचारावा, उत्तर मराठीत लिहिलं तरी गुण द्यावेत. असे प्रश्न काढायला वेळ लागतो आणि साठ-सत्तर वह्यांतली साठ-सत्तर वेगळी उत्तरं वाचून तपासावी लागतात. ‘अनहॅपी’ बरोबर, ‘डिसहॅपी’ चूक, हे तपासायला एका वहीमागे दोन सेकंद पुरतात.