नववा

पेन्शन सुरू झाली की माणसाला धर्म आठवतो, असं आमच्या बँकेत म्हणत. मलाही आठवला, फक्त तो माझा नव्हता, दुसऱ्याचा होता. माझा आठवायचा प्रश्नच नव्हता. तो घरातच होता आणि भरपूर जागा अडवून बसला होता.

आमच्या अमरावतीच्या घरातलं देवघर म्हणजे बडनेऱ्याच्या फलाटावर उभी असलेली पॅसेंजर. चढणाऱ्याला कोणी नाही म्हणत नाही, आणि उतरत मात्र कोणीच नाही. मूळचे प्रवासी म्हणजे आजोबांचं पंचायतन. त्यात आईबरोबर माहूरची रेणुका आली. अंबादेवी आणि एकवीरा गावच्याच, त्यांचं रिझर्व्हेशन पक्कं. शेगावचे गजानन महाराज चिलीम घेऊन आले, मोझरीचे तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन आले, आणि अकोल्याच्या मेहुण्यांनी शिर्डीहून साईबाबा आणून सोडले. एवढंच कशाला, देव दगडात नाही, माणसात आहे, असं जन्मभर सांगत फिरलेले गाडगेबाबासुद्धा आमच्या देवघरात आहेत. त्यांना रोज हळद-कुंकू वाहिलं जातं. बाबांना फोटोतून बाहेर येता येत नाही म्हणून बरं. नाहीतर खराट्याचा पहिला फटका कुणाला बसला असता ते सांगायला नको.

अशा घरात मी बुद्ध वाचायला घेतला. तसं जाहीर करताच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "मग आणा की एक फोटो! साईबाबांना जरा सरकवते."

या एका वाक्यात आमच्या धर्माचं दोन हजार वर्षांचं परराष्ट्र धोरण आलं, असं मला वाटतं. भांडायचं नाही, ऐकायचंही नाही. सरकून जागा द्यायची.

आणि खरं म्हणजे ती जागा केव्हाच दिलेली आहे. सत्यनारायणाला बसलं की गुरुजी आधी संकल्प सांगतात. त्यात जंबुद्वीप, भरतखंड, दंडकारण्य असा आपला सविस्तर पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात 'बौद्धावतारे' असाही एक शब्द असतो. म्हणजे सध्या बुद्धाची कारकीर्द चालू आहे! ही बातमी गुरुजी वर्षानुवर्षं देत आले, पण त्या वेळी यजमानाचं सगळं लक्ष पाट टोचतोय इकडे आणि बाकीच्यांचं शिऱ्याकडे. जुन्या पंचांगांत तर याहून गंमत असे. दशावतारांच्या चित्रांत नवव्या घरात बुद्धाचं नाव, आणि चित्र मात्र कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या विठोबाचं, रखुमाईसकट! नाव एकाचं आणि फोटो दुसऱ्याचा. बँकेत असं खातं उघडायला कोणी आलं असतं तर मी त्याला सरळ मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये पाठवलं असतं.

तर वाचायला सुरुवात झाली ती धर्मानंद कोसंबींच्या 'भगवान बुद्ध'पासून. हा माणूस म्हणजे आम्हां नवख्यांचा मूळपुरुष. गोव्यातल्या साखवाळ गावचा सारस्वत ब्राह्मण. एका मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं, ते डोक्यात बसलं, आणि १८९९ साली गडी बायको-मुलीला मागे ठेवून घराबाहेर पडला. पुणं, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ करत सिंहलद्वीपाला पोचला, तिथे १९०२ साली श्रामणेर झाला, पाली शिकला, पुढे अमेरिकेत हार्वर्डला जाऊन काम करून आला. आणि १९४७ साली देह ठेवला तो आपल्या शेजारी, वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला. मी घरापासून ग्रंथालयापर्यंत ऑटोने गेलो होतो. दोघांच्या तळमळीतला फरक मला मान्य आहे.

कोसंबींनी मला पहिला धक्का दिला. राजपुत्राने म्हातारा पाहिला, रोगी पाहिला, प्रेत पाहिलं आणि घर सोडलं, ही गोष्ट आपण चौथीपासून ऐकतो. कोसंबी म्हणतात, ते काही खरं नव्हे. शाक्य आणि कोलिय या शेजाऱ्यांचं रोहिणी नदीच्या पाण्यावरून भांडण होतं, आणि शस्त्रं उचलायची वेळ आली तेव्हा सिद्धार्थ बाहेर पडला. बाबासाहेब आंबेडकरांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पाण्याचाच तंटा धरला आहे. एकोणतीस वर्षांच्या माणसाला तोवर एकही म्हातारा दिसला नव्हता हे त्यांनाही पटलं नाही. हा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९५७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांनी १९२७ साली महाडच्या तळ्यातलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी सत्याग्रह केला, त्यांना रोहिणीचं भांडण नेमकं कळावं यात नवल नाही.

हे सगळं मी अकोल्याला गेलो असताना मेहुण्यांना सांगितलं. अकोल्याचा मुलूख खारपाणपट्ट्यातला. तिथे पाणी हा विषय जरा जपूनच काढावा लागतो. मेहुणे म्हणाले, "पाण्यापायी घर सोडायचं म्हटलं तर अकोल्यात माणूस उरेल का हो भाऊजी?"

मेहुण्यांना या विषयात अधिकार आहे. ते इगतपुरीला जाऊन दहा दिवसांचं विपश्यनेचं शिबिर करून आलेले आहेत. पहाटे चारला उठायचं, अकराला जेवायचं, दिवसभर श्वासाकडे बघायचं आणि बोलायचं नाही. मेहुणे दहा दिवस मौन पाळून आले आणि पुढचे तीन महिने त्या मौनाविषयी बोलत होते. पण माणूस शांत झाला हे खरं. पूर्वी दूधवाल्यावर ओरडत. आता त्याच्याकडे नुसतं बघतात, आणि दूधवाला जास्त घाबरतो. ते मला म्हणाले, "जाऊन या तुम्ही. आणि एक बरं आहे, यात आपलं काही सोडावं लागत नाही!"

अमरावतीला परत आल्यावर हे वाक्य मी शेजारच्या मास्तरांना सांगितलं. मास्तर म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. आमच्या दोघांच्या घरात एक सामाईक भिंत आणि एक सामाईक पेपर. ते बौद्ध. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अकोला जिल्ह्यात शंभरातली सुमारे १८ माणसं बौद्ध आणि अमरावती जिल्ह्यात सुमारे १३. म्हणजे जो धर्म शोधायला कोसंबी समुद्र ओलांडून गेले, तो वऱ्हाडात भिंत ओलांडली की भेटतो.

मास्तर हसले. म्हणाले, "सोडा लागत नाही असं कोन म्हन्ते भाऊ? सोडाचंच त आहे सारं."

मास्तरांच्या घरात एकच फळी आहे. तीवर दोन फोटो, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा. बाकी फळी मोकळी. आमच्या पॅसेंजरची सवय असलेल्या डोळ्यांना ती मोकळी जागा फार मोठी दिसते. ती कशी मोकळी झाली ते मास्तरांनीच सांगितलं.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना दिली. मास्तर तेव्हा सहा वर्षांचे. वडिलांच्या खांद्यावर बसून गेले होते. परत आल्यावर वडिलांनी देव्हाऱ्यातले सगळे देव फडक्यात बांधले आणि पूर्णेत नेऊन सोडले. आजी काही बोलली नाही. पण तिने एक टाक आधीच काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता. आठ दिवस ती गाठ तिच्याजवळ होती. कामाला जाताना, भाकरी थापताना, झोपताना. नवव्या दिवशी ती एकटीच नदीवर गेली आणि रिकामा पदर घेऊन परत आली. कोणी विचारलं तर म्हणाली, "म्या त्याले सांगतलं, तू बी मोकया झाला, मी बी मोकयी झाली."

मी बँकेतला माणूस. मला बेरीज कळते आणि वजाबाकीही कळते. आमच्या घरात बुद्ध आला असता तो बेरजेत आला असता. या बाईच्या घरात तो वजाबाकीतून आला. आता प्रश्न असा, की हे दोन्ही बुद्ध एकच का? ज्याला काही सोडावं लागलं नाही त्याला काही मिळालं असं म्हणता येईल का?

प्रश्नाचा छडा लावायला वैशाख पौर्णिमेला मी मास्तरांबरोबर विहारात गेलो. दारातच माझा उजवा हात आपोआप वर गेला. तिथे घंटा नव्हती. हात तसाच खाली कसा आणायचा म्हणून मी टोपी नीट केल्यासारखं केलं. टोपी मी घालत नाही. आत सगळे पांढऱ्या कपड्यांत. एका वयस्कर बाईंनी विचारलं, "कुठले तुमी?" मी गाव सांगितलं आणि सवयीने आडनावही सांगितलं. आपल्याकडे आडनाव म्हणजे जातीची पावतीच. अर्धा क्षण शांतता. मग त्या म्हणाल्या, "बसा न बाप्पा, उभे काहून?" आणि सतरंजीवर सरकून त्यांनी मला जागा दिली.

ते सरकणंही सरकणंच होतं, पण साईबाबांना सरकवण्यापेक्षा निराळं. याच अमरावतीत अंबादेवीच्या देवळात सर्वांना जाऊ द्यावं म्हणून १९२७ साली चळवळ झाली. डॉ. पंजाबराव देशमुख त्यात होते. त्या नोव्हेंबरात इथे परिषद भरली, तिचे अध्यक्ष होते डॉ. आंबेडकर, आणि त्याच सुमारास त्यांच्या भावाच्या निधनाची बातमी आली. ज्यांना देवळाच्या दारासाठी परिषद भरवावी लागली, त्यांच्या विहारात मला सतरंजीवर जागा आणि वाटीभर खीर मिळाली. खीर उत्तम होती. घशाखाली मात्र जरा हळूच उतरली.

परत येताना मास्तरांनी मला बावीस प्रतिज्ञांची पुस्तिका दिली. दर दसऱ्याला दीक्षाभूमीहून ते पिशवीभर पुस्तकं आणतात. आमचे लोक यात्रेहून चुरमुरे आणतात आणि हे पुस्तकं आणतात, यावरही केव्हातरी लिहायला हवं. मी पेन्सिल घेऊन ऑडिटला बसलो. चोरी, खोटं, दारू यांवर खुणा झाल्या. पेन्शनवर यांतलं काही झेपतही नाही. पण तिसरीशी गाडी थांबली. गौरी-गणपतीला देव मानायचं नाही! गणपती म्हणजे मोदक आणि मुलांचे ताशे, गौरी म्हणजे सौभाग्यवतींचं माहेर आणि पुरणाची पोळी. पाचवीत बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे असं स्पष्टच म्हटलेलं. म्हणजे संकल्प गेला, पंचांग गेलं. मी मास्तरांना म्हणालो, "तिसरी काही जमायची नाही."

"तिसरीवर कायले अडता?" मास्तर म्हणाले. "नववी पहा बरं."

नवव्या प्रतिज्ञेत सगळी माणसं समान मानायला सांगितलं आहे. मी ताबडतोब खूण केली. यात अवघड ते काय? मास्तरांनी आमच्या सामाईक पेपराचं रविवारचं पान उलगडलं. वधू पाहिजे, वर पाहिजे. एका जाहिरातीवर त्यांनी बोट ठेवलं. मुलगा इंजिनियर, पुण्यात फ्लॅट, जातीची अट नाही. आणि शेवटी कंसात, दोन-तीन जातींचा उल्लेख करून, 'क्षमस्व'. मास्तर म्हणाले, "पेन्सिलीनं त सारेच खूण करते भाऊ. मंग हे क्षमस्व कोन छापते?"

मराठीत यापेक्षा सभ्य शब्द नाही, आणि यापेक्षा घट्ट लावलेलं दारही नाही.

त्यानंतर मी पाली ग्रंथांच्या भाषांतरांत नवख्यांची प्रकरणं धुंडाळली. वैशालीचा सिंह सेनापती हा निर्ग्रंथांचा म्हणजे जैन मुनींचा उपासक. बुद्धाचं बोलणं ऐकून तो म्हणाला, मला तुमचा उपासक करून घ्या. बुद्धाने त्याला काय सांगितलं? घाई करू नकोस, नीट विचार कर. आणि आजवर ज्या मुनींना तुझ्या दारात भिक्षा मिळत होती, ती बंद करू नकोस. दुसऱ्या पंथाचा कोणी संघात यायला निघाला तर त्याला आधी चार महिने परिवास, म्हणजे प्रोबेशन! आमच्या बँकेत सहा महिन्यांचं होतं. आणि बाबासाहेबांनी तर १९३५ साली येवल्याला धर्म सोडायचं जाहीर करून तब्बल एकवीस वर्षं तपासलं, मग नवा धर्म घेतला. आम्ही साईबाबांना सरकवायला दोन मिनिटं घेतो.

म्हणून मी सध्या प्रोबेशनवर आहे. फोटो आणलेला नाही. सौभाग्यवतींनी जागा करून ठेवली आहे, ती तशीच रिकामी आहे; आमच्या देवघरात एवढी मोकळी जागा प्रथमच दिसते. गणपती येतो, मोदक होतात, ताशे वाजतात. आणि दर अनंत चतुर्दशीला, ज्याची दहा दिवस आरती केली त्या देवाला आम्ही डोळे पुसत पाण्यात सोडून येतो. तेव्हा वजाबाकी आम्हाला येत नाही असं नाही. समोरच्याचं आडनाव ऐकल्याबरोबर मनातला जो तराजू हलतो, तो तेवढा कुठल्याच मिरवणुकीत निघत नाही. त्याला ना हार, ना आरती, ना नैवेद्य. तरी घरातल्या सगळ्या देवांपेक्षा तो जुना आणि लाडका.

मास्तरांच्या आजीला आठ दिवस लागले होते. आणि तिला सोडायचा होता तो देव होता.