दिलेला शब्द आणि एकटे मत

लोकांपुढे दिलेला शब्द नेत्याला मोडता येतो काय? शेतकरी संघटनेचे संस्थापक शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या वाटचालीने हा प्रश्न महाराष्ट्रापुढे ठेवला. बुलढाणा जिल्ह्यात, हिवरा आश्रमाच्या परिसरात, छातीवर लाल बिल्ला लावून सभांना गेलेली पिढी आज उतारवयात आहे. तिला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथील टपालविषयक जागतिक संघटनेची नोकरी सोडून जोशी स्वदेशी परतले. चाकणजवळ आंबेठाण येथे त्यांनी कोरडवाहू शेती केली, आणि तोट्याचा हिशेब स्वतः मांडून पाहिला. १९७९ च्या सुमारास संघटना उभी राहिली. ‘मी मते मागायला आलो, तर मला जोड्याने मारा,’ अशा आशयाचे ते जाहीर सभांत बोलत. पुढे १९९४ साली त्यांनीच स्वतंत्र भारत पक्ष स्थापिला व मते मागितली.

हा वचनभंग म्हणावा काय? वचन देतेवेळची परिस्थिती खरोखर पालटली, तर ते न पाळणारा असत्यवादी ठरत नाही, असे संत थॉमस अक्वायनस सांगतात. जोशींच्या बाजूने युक्तिवादही आहे. शुकदास महाराजांनी हिवरा आश्रमात उभारलेले सेवाकार्य मतांवाचून चालू शकते. परंतु शेतमालाचा भाव आणि निर्यातबंदी हे सरकारी धोरणाचे विषय आहेत. ते बदलायचे, तर कधीतरी विधिमंडळाची पायरी चढावीच लागते.

तरीही आम्हांस एक भेद महत्त्वाचा वाटतो. देवापुढे केलेला नवस आणि माणसाला दिलेले वचन या भिन्न गोष्टी होत. माणसाला दिलेल्या वचनातून मुक्त करण्याचा अधिकार, ज्याला ते दिले त्याच्याकडे असतो. शेतकऱ्याने त्या शब्दाच्या भरवशावर तुरुंगवास पत्करला, लाठ्या खाल्ल्या. परिस्थिती बदलली, हे नेत्याने एकट्याने ठरवून भागत नाही. मते मागण्यापूर्वी मुक्ती मागितली पाहिजे.

याच जीवनात दुसरा प्रसंग आहे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाच्या बाजूने १८६ मते पडली; विरोधात एकच, शरद जोशींचे. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवणारा आणि ‘लक्ष्मीमुक्ती’च्या कार्यक्रमातून पतीच्या जमिनीत पत्नीचे नाव लावण्यास शेतकऱ्यांना उद्युक्त करणारा हा मनुष्य होता. त्यांचा आक्षेप स्त्रियांच्या प्रतिनिधित्वाला नव्हता. आळीपाळीने मतदारसंघ राखीव करण्याच्या पद्धतीला होता. तो आक्षेप योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद होऊ शकतात. परंतु त्या मताने त्यांना काहीच मिळणार नव्हते. गैरसमज तेवढा वाट्याला येणार होता.

सदसद्विवेकबुद्धीच्या नावाने आपण पुष्कळदा सोयीची बाजू घेतो. म्हणून कसोटी हवी, आणि ती अवघड नाही: आपण घेतलेल्या वळणाची किंमत कोण मोजतो? अनुयायी मोजत असतील, तर आधी त्यांची संमती घ्यावी. आपणच मोजत असू, तर एकटे पडण्याचे भय बाळगू नये. ग्रामपंचायतीपासून राज्यसभेपर्यंत आणि कुटुंबापासून धर्मसंस्थेपर्यंत, शब्द देणाऱ्या प्रत्येकाला ही कसोटी लागू आहे.