हूल आणि लबाडी

हुतूतूच्या मैदानात चढाईला गेलेला गडी उजवीकडे झेपावल्यासारखे करतो, सारे बचावकर्ते तिकडे सरकतात, आणि तो डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला शिवून सुखरूप परत येतो. 'काय हूल दिली!' असे म्हणत आपण टाळ्या वाजवतो. तोच गडी संध्याकाळी घरी येऊन, शिकवणीला गेलो होतो, असे आईला सांगतो, तेव्हा मात्र आपण त्याचा कान धरतो. दोन्हीकडे त्याने दाखवले एक आणि केले दुसरेच. मग एक गोष्ट कौतुकाची आणि दुसरी पापाची का ठरावी? हा प्रश्न आम्हांला अकरा वर्षांच्या एका मुलाने विचारला होता. त्या वेळी आम्ही त्याला जे उत्तर दिले ते पुरेसे नव्हते. त्याची किंमत आम्हांलाही मोजावी लागली आणि दुसऱ्या एका मुलालाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत, फिलाडेल्फिया शहराच्या परिसरातील एका धर्मग्रामात आम्ही तीन वर्षे सहायक धर्मगुरू होतो. तिकडे धर्मग्रामांचे मुलांचे संघ असतात व ते आपापसांत अमेरिकन फुटबॉलचे सामने खेळतात. हा खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. लंबगोल चेंडू बहुधा हातात धरून पळायचे असते. एका बाजूचे अकरा गडी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू त्यांच्याकडेच राहतो. नाहीतर तो प्रतिपक्षाकडे जातो. चेंडू ज्याच्या हाती, त्याला पाडणे हे बचाव करणाऱ्यांचे काम. साहजिकच बचावाचे बावीस डोळे चेंडूचा माग काढत असतात.

आमच्या धर्मग्रामाचा प्रशिक्षक व्यवसायाने नळजोडणी करणारा एक सज्जन गृहस्थ होता. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हातांत लांबवर अचूक फेक करण्याचे बळ नसते, म्हणून त्याच्या संघाचा सारा भर पळण्यावर आणि चकवण्यावर असे. 'विंग-टी' नावाची ही पद्धत. 1950च्या सुमारास डेव्हिड नेल्सन या प्रशिक्षकाने ती आकाराला आणली आणि शेजारच्याच डेलावेअर विद्यापीठात रुजवली. त्यांच्यामागून टबी रेमंड यांनी 2001 सालापर्यंत ती तेथे चालवली. तिचे मर्म थोडक्यात सांगतो. चेंडू क्वार्टरबॅकच्या हाती येतो. फुलबॅक पोटाशी दोन्ही हात दुमडून सरळ मधल्या गर्दीत घुसतो. त्याच्या मागून हाफबॅक आडवा पळत उजव्या टोकाकडे जातो आणि दोन गार्ड त्याच्यापुढे वाट मोकळी करीत धावतात. क्वार्टरबॅक पाठ फिरवून डावीकडे निघतो. चेंडू या तिघांपैकी एकाकडेच असतो. परंतु तिघेही असे पळतात की तो आपल्याकडेच आहे. एकदा तो हाफबॅककडे असतो, पुढच्या खेपेस फुलबॅककडे, तिसऱ्या खेपेस क्वार्टरबॅकने तो स्वतःजवळच ठेवलेला असतो. आरंभ तिन्ही वेळा एकच. अंगाने लहान असलेली मुलेसुद्धा या युक्तीने थोराड मुलांना भारी पडतात.

आम्हांला प्रश्न विचारणारा मुलगा या संघाचा फुलबॅक होता, आणि रविवारच्या मिस्साला वेदीसेवकही. एका सामन्यात तो वीसेक वेळा रिकाम्या हातांनी गर्दीत घुसला आणि तितक्याच वेळा जमिनीवर आदळला. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर झगा घडी करता करता तो म्हणाला, "फादर, धर्मशिक्षणात तुम्ही सांगता, खोटे वागू नका. आणि मी जितके चांगले खोटे वागतो तितके कोच मला शाबासकी देतात. हे पाप आहे का?" आम्ही हसलो, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "अरे, खेळात चालते." तो गेला. आम्ही न्याहारीला गेलो.

वस्तुतः सेमिनरीत आम्ही हाच प्रश्न महिनाभर अभ्यासला होता. मनात एक आणि वाणीत दुसरे, तेही फसवण्याच्या हेतूने, म्हणजे असत्य, असे संत अगस्तीन यांचे प्रतिपादन आहे. आणि कोणत्याही चांगल्या कारणासाठी असत्य क्षम्य ठरत नाही, यावर ते शेवटपर्यंत ठाम होते. तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी प्रश्न केला की धर्म्य युद्धात दबा धरून बसणे योग्य आहे काय? त्यांचे उत्तर असे की शत्रूला खोटे सांगणे वा दिलेला शब्द मोडणे केव्हाही अयोग्य. परंतु आपला बेत त्याला उघड करून न सांगणे यात अन्याय नाही. यहोशवाने आय नगरासमोर पराभवाचा बहाणा करून माघार घेतली आणि नगराच्या मागे सैन्य दडवून ठेवले, ते तर परमेश्वराच्याच आज्ञेने.

येथे एखादा चिकित्सक वाचक आम्हांला अडवील, आणि त्याने अडवावेच. बेत लपवणे निराळे. पण तो फुलबॅक नुसता लपवत नाही, चेंडू नसताना तो असल्याचे दाखवतो. संत थॉमस यांनीच अन्यत्र म्हटले आहे की असत्य केवळ शब्दांनी होत नाही, कृतीनेही होते. बाह्य वर्तनाने नसलेले दाखवणे हेही असत्यच. मग त्या मुलाची शंका रास्त नव्हती काय?

शंका रास्त होती. तिचे उत्तर आम्हांला असे दिसते. कोणतीही खूण काय सांगते हे ती कोणाला आणि कोणत्या कराराखाली केली यावर ठरते. रंगमंचावरील नट 'मी राजा आहे' म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. कारण तो साक्ष देत नाही आणि प्रेक्षकही ती साक्ष म्हणून ऐकत नाहीत. तद्वत दोन्ही संघ मैदानात उतरतात तेच मुळी 'तुम्ही लपवा, आम्ही शोधू' हे मान्य करून. दुमडलेले हात म्हणजे 'चेंडू माझ्याकडे आहे' असे विधान नव्हे. ते 'ओळखा पाहू' असे आव्हान आहे. समोरच्या मुलालाही त्याच्या प्रशिक्षकाने बजावलेले असते की आपली जागा सोडू नकोस, सगळे पळतात तिकडे पळू नकोस. जो बचावकर्ता आपले नेमून दिलेले काम करीत राहतो, त्याला हूल फार वेळा फसवू शकत नाही. डेव्हिड नेल्सन यांच्याविषयी एक गोष्ट आम्हांला म्हणूनच फार बोलकी वाटते. चकव्याची ही पद्धत घडवणारे हेच गृहस्थ पुढे जवळजवळ तीन दशके अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलच्या नियम समितीचे सचिव होते. हूल शिकवणारा आणि नियमांची राखण करणारा माणूस एकच असू शकतो. किंबहुना नियमांची राखण होते म्हणूनच हूल निष्पाप राहते.

करार कोठे संपतो हे मात्र पाहिले पाहिजे. मुलांच्या सामन्यांत तिकडे एक युक्ती कधी कधी दिसते. मोठी माणसे बाजूने ओरडतात, 'अरे, हा चेंडू चुकीचा आहे!' मुलगा चेंडू घेऊन संथपणे, जणू तो बदलायला निघाल्यासारखा, प्रतिपक्षाच्या मधून चालत जातो आणि मग एकाएकी धूम ठोकतो. पाहणारे पोट धरून हसतात. पण शालेय फुटबॉलच्या नियमांनी हे नाटक खिलाडूपणाबाहेरचे ठरवले आहे, आणि योग्यच केले आहे. कारण 'खेळ थांबला आहे' हे वाक्य खेळातले नव्हे. ते खेळाबाहेरचे, माणसाने माणसाला सांगितलेले वाक्य आहे. त्यावर विश्वास ठेवणारे मूल भोळे नसते, सभ्य असते. आणि ही युक्ती त्याच्या सभ्यतेचाच फायदा घेते.

याच पेनसिल्व्हेनियात कार्लाइल येथे 1879 ते 1918 या काळात अमेरिकेच्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी एक निवासी शाळा होती. 1903 साली तिच्या संघाने हार्वर्ड विद्यापीठाविरुद्ध खेळताना चेंडू चक्क एका गड्याच्या सदऱ्यात पाठीमागे दडवला आणि तो गडी सारे मैदान पार करून गेला. प्रशिक्षक होते ग्लेन 'पॉप' वॉर्नर. मुलांच्या फुटबॉलची एक मोठी संस्था आज त्यांच्याच नावाने चालते. सामना हार्वर्डने एका गुणाने जिंकला. चेंडू कपड्यात लपवण्यास आज नियमांनी बंदी आहे. पण आमचे मन त्या सदऱ्यापाशी थांबत नाही. ती मुले घरापासून शेकडो कोस दूर आणलेली होती. त्यांचे केस कापले गेले होते, त्यांची भाषा बोलण्यास त्यांना मनाई होती, आणि हे सारे त्यांच्या कल्याणासाठी असल्याचे त्यांना सांगितले जात होते. ज्या खेळात त्यांना उतरवले गेले त्याचे नियम त्यांना कोणी विचारले नव्हते. तशा शाळा इतरत्र ख्रिस्तसभेच्या लोकांनीही चालवल्या, आणि 2022 साली पोप फ्रान्सिस यांनी कॅनडात जाऊन त्याबद्दल क्षमा मागितली. सदऱ्यातल्या चेंडूवर ज्यांनी नाक मुरडले, त्यांना ही मोठी फसवणूक दिसली होती काय?

आता आमचा स्वतःचा हिशेब. त्या वर्षी मोसमाच्या अखेरीस प्रशिक्षक एक कागद घेऊन आमच्याकडे आला. संघातील प्रत्येक मुलगा धर्मग्रामातला आहे किंवा तेथील धर्मशिक्षणाला येतो, अशी धर्मगुरूंची सही त्यावर लागे. प्रमुख धर्मगुरू महिनाभर बाहेरगावी होते. यादीत एक नवे नाव होते. तो मुलगा वाऱ्यासारखा पळत असे. पण तो ना आमच्या धर्मग्रामातला होता, ना आमच्या वर्गातला. आम्ही प्रशिक्षकाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, "फादर, तुम्हीच आमच्या फुलबॅकला सांगितलेत ना, खेळात चालते?"

आमचेच वाक्य कागदावर बसून परत आले होते. सही करायची नाही हे आम्हांला त्याच क्षणी ठाऊक होते. पण तो माणूस दर शनिवारी चर्चचे गळके नळ फुकट दुरुस्त करून देई. धर्मग्रामात आम्ही परके, तो तिथला. 'नाही' म्हणण्याचे धैर्य आम्हांला झाले नाही. "ठेवून जा, बघतो," असे आम्ही म्हणालो. दोनदा त्याने विचारले, दोनदा आम्ही कामाचे निमित्त सांगितले. कामे खरोखरच होती. प्रत्येक शब्द खरा होता. मुदत टळली. तो वेगवान मुलगा खेळू शकला नाही. त्याच्या जागी आयत्या वेळी एक किरकोळ अंगाचा मुलगा उभा करावा लागला. त्याला त्या जागेचा सराव नव्हता, आणि त्या दिवशी त्याने फार मार खाल्ला.

पुढच्या आठवड्यात आम्ही मैदानावर गेलो आणि प्रशिक्षकाला खरे ते सांगितले: कामे ही सबब होती, आम्ही भ्यालो होतो. तो बराच वेळ गवताकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पहिल्याच दिवशी नाही म्हणाला असतात, फादर, तर मी त्या पोराला पंधरा दिवस तयार केले असते."

असत्य म्हणजे केवळ खोटा शब्द नव्हे, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. त्या दिवशी ते आम्हांला कळले. फुलबॅकने दाखवलेली हूल ज्यांना दिली त्यांनी मान्य केली होती. आमची हूल प्रशिक्षकाने मान्य केली नव्हती. तो आमच्याकडे खेळायला नव्हे, उत्तर मागायला आला होता. त्याने मागितली ती सही लबाडीची होती, यात शंका नाही. पण त्याच्या लबाडीला आम्ही सत्याने नव्हे, दुसऱ्या लबाडीने अडवले, आणि भुर्दंड बसला एका तिसऱ्याच लेकराला.

वाचकहो, हे आपल्या घरापासून दूरचे नाही. शाळेच्या प्रवेशासाठी खोटा पत्ता लिहिणारे, लग्नाच्या बोलणीत मुलाचा आजार झाकणारे, भावाभावांच्या वाटणीत 'बघू' म्हणत वर्षे काढणारे, सारेच म्हणतात, 'एवढे चालते.' प्रभू येशूने आपल्या शिष्यांना सर्पाचे चातुर्य आणि कबुतराची निष्कपटता एकत्र बाळगण्यास सांगितले. त्यातले चातुर्य आपण लवकर शिकतो.

अमेरिकेतून परतण्यापूर्वी आम्ही त्या फुलबॅकला बोलावून सांगितले की तुझ्या प्रश्नाला आम्ही आळशी उत्तर दिले होते. मग नट, करार, साक्ष हे सारे जमेल तसे समजावले. त्याने ऐकून घेतले. "म्हणजे शिटी वाजेपर्यंत हूल द्यायची," तो म्हणाला, "शिटी वाजल्यावर नाही." आम्ही त्याला म्हटले की महिनाभरात सेमिनरीने आम्हांला याहून फारसे अधिक शिकवले नव्हते. मग त्याने झगा अंगात घातला आणि मेणबत्त्या पेटवायला गेला.